दोषाची किंमत कोणी भरायची?

जुलै २०१०. नुकताच बाजारात आलेला आयफोन ४ 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन संस्थेने तपासला. ही संस्था वस्तू दुकानातून स्वतः विकत आणते, प्रयोगशाळेत पारखते आणि उत्पादकांच्या जाहिराती घेत नाही. पडदा, चित्रीकरण, बॅटरी अशा बहुतेक कसोट्यांवर हा फोन तिच्या यादीत सर्वांत वर आला. तरीही १२ जुलैला संस्थेने जाहीर केले, की या फोनची शिफारस आम्ही करू शकत नाही. फोनच्या कडेने फिरणारी पोलादी पट्टी हाच त्याचा अँटेना होता. खाली डावीकडे त्या पट्टीत एक बारीक फट होती. तिच्यावर बोट किंवा तळवा टेकला, की मुळात रेंज कमी असलेल्या ठिकाणी चालू असलेला कॉल तुटायचा.

चार दिवसांनी ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी पत्रकारांना बोलावले. कोणताच फोन निर्दोष नसतो, असे ते म्हणाले. फोन परत येण्याचे प्रमाण १.७ टक्के आहे, आधीच्या मॉडेलच्या वेळी ते ६ टक्के होते, असेही त्यांनी सांगितले. मात्र त्याच बैठकीत त्यांनी प्रत्येक ग्राहकाला ती फट झाकणारे कव्हर फुकट देऊ केले आणि ज्याला फोन नकोच असेल त्याला तीस दिवसांत पूर्ण पैसे परत करण्याची तयारी दाखवली. या चार दिवसांत फोनमध्ये एक स्क्रूसुद्धा बदलला नव्हता. बदलले ते एवढेच, की दोषाचा खर्च ग्राहकाच्या खिशातून कंपनीच्या खिशात गेला. संस्थेचे तेवढ्याने समाधान झाले नाही, तिला कायमचा इलाज हवा होता. पण घ्यायला निघालेल्या माणसापुढचा प्रश्न मात्र पार बदलून गेला.

दसरा-दिवाळीच्या सवलतींत नवा फोन घेताना आपण कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकते, किंमत किती उतरली याची चौकशी करतो. एखाद्या मॉडेलबद्दल 'तापतो', 'रेंज पकडत नाही', 'पडद्यावर रेघ येते' असे कानावर आले, की घ्यावा की नाही या विचारात अडकतो. दोष आहे की नाही, एवढ्यावर हा विचार थांबला तर उत्तर मिळत नाही, कारण दोष नसलेला फोन कोणी बनवलेला नाही. दोष कोणत्या जातीचा आहे आणि त्याची किंमत कोण भरणार, हे विचारले की वाट दिसू लागते.

काही दोष आहेत तिथेच राहतात. अंधारातले फोटो बरे येत नाहीत, आवाज बारीक आहे, फोन जड आहे. पहिल्या दिवशी जेवढे दिसले तेवढेच ते तिसऱ्या वर्षीही असतात. असा दोष डोळ्यांसमोर ठेवून किंमत कमी करून मिळत असेल, तर तो फोन घेण्यात गैर काही नाही. रात्री फोटो काढण्याशी ज्याचे काम नाही, त्याने त्या कॅमेऱ्यासाठी दहा हजार जास्त का मोजावेत?

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला गॅलेक्सी नोट ७ आहे. १९ ऑगस्ट २०१६ रोजी तो विक्रीला आला आणि दोन आठवड्यांत, २ सप्टेंबरला, सॅमसंगने सुमारे २५ लाख फोन परत मागवले. लिथियम-आयन बॅटरीत धन आणि ऋण बाजूंचे पातळ थर गुंडाळलेले असतात आणि दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायला मध्ये एक विभाजक पडदा असतो. नोट ७ च्या पहिल्या खेपेच्या बॅटरीत वरच्या उजव्या कोपऱ्यात आवरणाच्या आत जागा अपुरी होती, त्यामुळे तिथला ऋण थर वाकत होता. वाकलेला थर पडद्याला भिडला, की आतल्या आत शॉर्टसर्किट. कंपनीने दुसऱ्या उत्पादकाच्या बॅटरी बसवून फोन बदलून दिले. त्या बॅटरीत वेगळाच दोष निघाला. वेल्डिंगच्या जागी राहिलेले टोकदार कंगोरे पडद्यातून आत घुसत होते आणि काही बॅटरींत इन्सुलेशनची पट्टीच बसवलेली नव्हती. ५ ऑक्टोबरला अमेरिकेत लुईव्हिल येथे बदलून मिळालेल्या अशाच एका फोनमधून धूर निघू लागला आणि उड्डाणाच्या तयारीतले विमान रिकामे करावे लागले. ११ ऑक्टोबरला उत्पादन कायमचे थांबले. भारतात हा फोन विक्रीला येण्याआधीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने विमानात तो सुरू करू नये, चार्ज करू नये, अशी सूचना काढली होती.

असा दोष विकत घेणाऱ्यापुरता राहत नाही. शेजारच्या आसनावरच्या प्रवाशाने, फोन ठेवलेल्या उशीजवळ झोपलेल्या मुलाने काही विकत घेतलेले नसते, सवलतही त्यांना मिळालेली नसते. म्हणून आगीचा धोका असलेला फोन निम्म्या किमतीत मिळाला तरी घेऊ नये आणि घरात असेल तर 'माझा तर नीट चालतोय' म्हणून ठेवून घेऊ नये. दुसरा धडा घाईचा आहे. कारण न शोधता वस्तू बदलून देणे म्हणजे इलाज नव्हे. सुमारे दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटरी तपासून कंपनीने खरे कारण मांडले ते जानेवारी २०१७ मध्ये. बदलून दिलेले फोन त्याच्या कितीतरी आधीच लोकांच्या खिशात जाऊन बसले होते.

या दोन टोकांच्या मध्ये वाढत जाणारे दोष येतात आणि आपल्यापैकी बहुतेकांची गाठ त्यांच्याशीच पडते. बॅटरी उतरणे हा लिथियमचा स्वभाव आहे, तो कोणालाच टळलेला नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण अपडेटमधून कमी केला होता. फोन अचानक बंद पडू नये, हे त्यामागचे कारण तांत्रिकदृष्ट्या खोटे नव्हते. पण ते वापरणाऱ्याला सांगितलेच नव्हते. नवी बॅटरी टाकून जे काम झाले असते, त्यासाठी नवा फोन घेण्याची वेळ आल्याचा समज त्यातून होत होता. फ्रान्समध्ये याच मौनाबद्दल २०२० साली कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड झाला. आपल्याकडे अपडेटनंतर पडद्यावर उभी हिरवी रेघ उमटल्याच्या तक्रारी आल्या. वनप्लसने डिसेंबर २०२४ मध्ये या दोषासाठी भारतातल्या आपल्या फोनना पडद्याची आजीवन वॉरंटी जाहीर केली. वॉरंटी संपल्यावर उगवणारी रेघ ग्राहकाच्या नशिबावर सोडायची की कंपनीने आपल्या अंगावर घ्यायची, हा इथला खरा निर्णय होता आणि तो कंपनीने तक्रारींचा रेटा वाढल्यावर घेतला.

इथे ग्राहकाची मोठी अडचण अशी, की दोषाची माहिती त्याच्याकडे सर्वांत शेवटी येते. जॉर्ज ॲकर्लॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवले, की विकणाऱ्याला वस्तूची खोट ठाऊक असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर बाजारात हळूहळू खोटाच माल उरतो. २००१ मध्ये त्याला नोबेल मिळाले. नव्या फोनच्या बाबतीत कधी कधी विकणाऱ्यालाही खोट पूर्ण ठाऊक नसते. लाखो हातांत, उन्हात, पावसात, दुचाकीच्या हँडलवर धक्के खात फोन फिरतो, तेव्हाच ती बाहेर येते. म्हणजे पहिल्या महिन्यात फोन घेणारा माणूस पूर्ण किंमत देऊन चाचणीचे कामही करत असतो. पुढे महिन्या-दोन महिन्यांत किंमत उतरते आणि दुरुस्त्या येतात, त्यांचा फायदा थांबलेल्यांना मिळतो. ज्याला घाई नाही त्याने थांबावे, हा सल्ला योग्यच आहे. पण सगळेच थांबले तर दोष उघडकीला येणारच नाहीत. म्हणून पहिल्या ग्राहकांना जास्तीचे संरक्षण मिळायला हवे. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार सदोष माल परत घेण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही, पण दोष आहे हे सिद्ध करण्याची यातायात ग्राहकाच्याच वाट्याला येते. सर्व्हिस सेंटरमध्ये जॉब शीटवर 'फिजिकल डॅमेज' असे दोन शब्द पडले, की वॉरंटी तिथेच संपते.

ॲकर्लॉफचा लेख आला त्याच वर्षी अल्बर्ट हर्शमन यांचे 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' हे पुस्तक आले. नाराज माणसापुढे दोन मार्ग असतात, निघून जाणे किंवा आवाज उठवणे, असे त्यांनी मांडले. फोनच्या बाबतीत आपण बहुधा पहिलाच मार्ग धरतो. 'पुन्हा या कंपनीचा घेणार नाही' म्हणतो आणि दुसरीकडे वळतो. पण गेलेला ग्राहक कशामुळे गेला, हे कोणाला कळत नाही. ज्याच्याकडे दुसरा फोन घ्यायला पैसे नाहीत त्याला तर हा मार्गही मोकळा नसतो. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाचा फोन भर दुपारी तापून बंद पडला, तर त्या दिवसाची कमाई बुडते. आपल्या हातात तोच फोन तापला, तर थोडा वेळ बाजूला ठेवला की भागते.

महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी हा प्रश्न सर्वांत धारदारपणे मांडला. पोषणाच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांना २०१९ मध्ये सरकारी स्मार्टफोन मिळाले होते. २ जीबी रॅमचा तो फोन माहितीच्या ओझ्याखाली हँग व्हायचा, तापायचा आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्याच गळ्यात पडायचा. भरीला नोंदींचे नवे ॲप इंग्रजीत. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी गावोगाव 'मोबाइल वापसी' सुरू केली आणि फोन गोळा करून प्रकल्प कार्यालयांत परत केले. फोन निवडला सरकारने, काम सरकारचे, आणि दोषाची भरपाई तुटपुंज्या मानधनातून करायची ती बाईने. हे त्यांनी उघडपणे नाकारले. परत करणे आणि बोलणे ही दोन्ही कामे त्यांनी एकाच कृतीत केली. सदोष फोनविषयी या राज्यात झालेला तो सर्वांत स्पष्ट युक्तिवाद आहे, असे मी मानतो.

असा आवाज उठवण्याची परंपरा इथे जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. एकट्या ग्राहकाला न मिळणारे वजन संघटित ग्राहकाला मिळते, हा तिचा अनुभव आहे. आज कायदाही बाजूने आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनातील दोष, रचनेतील दोष आणि अपुऱ्या सूचना यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील लावायची सक्ती नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करता येते. बिल आणि प्रत्येक जॉब शीटची प्रत मात्र जपून ठेवायला हवी.

तरीही सगळे दोष आयोगात सुटायचे नाहीत. बहुतेक दुरुस्तीच्या टेबलावर सुटतात. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा टेबलाशी थोडा वेळ उभे राहावे. कारागीर फोन गरम करून डिंक सैल करतो, प्लास्टिकची पातळ पट्टी कडेने फिरवून मागची काच उचलतो. आत बॅटरीही डिंकानेच चिकटवलेली असते आणि ती न वाकवता सोडवावी लागते. मग तो विचारतो, "फोल्डर ओरिजिनल टाकू की कॉपी?" फोल्डर म्हणजे पडदा. ओरिजिनल एक तर मिळत नाही, नाहीतर फोनच्या किमतीशी स्पर्धा करतो. कॉपी लावली तर काही फोन 'हा भाग ओळखता येत नाही' अशी सूचना पडद्यावर दाखवतात. त्या कारागिराच्या हातात कसब आहे, पण त्याला सुटे भाग, नकाशे आणि परवानगी मिळत नाही. फोन जोडताना घेतलेले हे निर्णय आहेत आणि ते बदलता येतात. फ्रान्सने २०२१ पासून वस्तू किती दुरुस्त होऊ शकते याचे गुण किमतीशेजारी छापायला लावले. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून स्मार्टफोनचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही सात वर्षे आणि अपडेट किमान पाच वर्षे देण्याचे बंधन घातले. भारतातही एका सरकारी समितीने मे २०२५ मध्ये असा दुरुस्ती-निर्देशांक विक्रीच्या ठिकाणी दाखवावा, अशी शिफारस केली. ती कागदावर राहू नये, हे पाहणे आपले काम आहे.

तेव्हा दोष कळलेला फोन घ्यायचा की नाही? माझे उत्तर असे आहे. आगीचा किंवा इजेचा संशय असेल तर नाही. दोष स्थिर असेल, आपल्या कामाच्या आड येत नसेल आणि किमतीत वजा झाला असेल तर खुशाल घ्यावा. दोष वाढणारा असेल तर आधी तीन चौकशा कराव्यात. कंपनीने तो स्वतःच्या तोंडाने मान्य केला आहे का? त्यासाठी वाढीव वॉरंटी लेखी दिली आहे का? आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मूळ पडदा आणि बॅटरी काय किमतीला, किती दिवसांत बसवून मिळते? या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर गवगवा झालेला सदोष फोन हा कोणीच काही बोलत नसलेल्या फोनपेक्षा सुरक्षित खरेदी आहे. उघड झालेल्या दोषावर कोणीतरी काम करत असते. दडपलेल्या दोषावर कोणीच करत नाही.

आणि घेतलेला फोन बिघडलाच, तर तो निमूट ड्रॉवरमध्ये टाकून नवा हप्ता सुरू करू नये. सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागावे, १९१५ वर नोंद करावी, आपल्या भागातल्या ग्राहक पंचायतीला कळवावे. दोष मान्य करायला कंपन्या तयार होतात त्या नोंदलेल्या तक्रारींच्या संख्येमुळे, आणि हिरव्या रेघेची वॉरंटी तशीच मिळाली. प्रत्येक नोंद पुढच्या ग्राहकाच्या हाती माहिती देते आणि दोषाची किंमत, जिथे तो तयार झाला तिथे थोडी परत पाठवते.