आधी हक्क कुणाचा?

मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्यावर पुष्कळ लिहून आले. आमच्या सातारा-सांगली भागात ही गाडी टॅक्सी म्हणून कमी आणि डॉक्टर, वकील, व्यापारी यांच्या दारातली गाडी म्हणून जास्त ओळखीची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, पुढे तिचीच झालेली पद्मिनी, २००० च्या सुमारास बनायची थांबली. आता एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली ती दिसते. अशी गाडी घरच्या अंगणात दुरुस्तीला घेतली की पैसा, वेळ, सुटे भाग या अडचणी येतातच. पण त्यांच्याही आधी एक प्रश्न येतो आणि तो मला यंत्राचा कमी, अखलाकचा जास्त वाटतो. आधी काय करायचे, आणि ते ठरवताना कुणाकुणाला विचारायचे?

आमच्याकडची गाडी माझ्या सांगलीच्या मामूंची. २००५ च्या पुरात ती कशीबशी वाचली. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फुटांची पातळी ओलांडली तेव्हा मात्र ती सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरले, गाळ राहिला. पुढे काही वर्षे ती तशीच उभी होती. आमच्या साताऱ्याच्या घरामागे जागा आहे आणि धाकट्या भावाला या कामाची आवड आहे, म्हणून ती इकडे आणली. हिशेबाची वही माझ्याकडे आली. शाळेत वार्षिक नियोजन करणाऱ्या बाईकडे घरातल्या अशा वह्या आपोआप येतात.

पहिल्याच आठवड्यात चार माणसांचे चार क्रम झाले. मामूंचे वय अठ्ठ्याहत्तर. ते म्हणाले, "पहले रंग मार, बेटी. रंग दिसला की गाडी जिती वाटते." भावाला इंजिनाचा आवाज ऐकायची घाई होती. अम्मीचे गुडघे दुखतात, तिला सीट उंच आणि घट्ट हवी होती. मिस्त्रीने गाडीखाली सरकून स्क्रूड्रायव्हरचे टोक पत्र्याला लावले, ते आरपार गेले. बाहेर येऊन तो एवढेच म्हणाला, "बाकी सगळं नंतर."

आपल्या फिकहच्या परंपरेत क्रमाच्या या प्रश्नावर फार बारकाईने विचार झालेला आहे. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी ‘अल-मुस्तस्फा’त आणि पुढे अंदलुसचे इमाम शातिबी (मृत्यू १३८८) यांनी ‘अल-मुवाफकात’मध्ये माणसाच्या हिताचे तीन दर्जे मांडले. जरूरियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जगणेच कोलमडते. दीन, जीव, अक्कल, नस्ल आणि माल यांचे रक्षण त्यात येते. हाजियात, म्हणजे ज्यांच्यावाचून जगता येते पण हाल होतात. आणि तहसीनियात, म्हणजे ज्यांनी जगण्याला शोभा येते. वहीत मी हे तीन रकाने आखले. ब्रेक, स्टिअरिंग, टायर पहिल्यात. सीट, वायपर, काचा दुसऱ्यात. रंग आणि क्रोम तिसऱ्यात. काम संपल्यासारखे वाटले.

पण वही मिटल्यावर दुसरा विचार आला. मुळात ही संपूर्ण गाडीच तिसऱ्या रकान्यातली नाही का? साताऱ्याहून सांगलीला एसटी जाते. या गाडीवाचून आमच्या घरात कुणाचे काही अडलेले नाही. मग शोभेच्या वस्तूच्या पोटात जरूरियात कुठून आली?

याचे उत्तर मला गाडीत सापडले नाही, रस्त्यावर सापडले. अंगणात उभी आहे तोवर ती आमची हौस आहे. फाटकाबाहेर पडली की तिच्यासमोरून शाळा सुटलेली मुले जाणार, उसाच्या ट्रॉलीमागून सायकलवाला येणार. ती आमची चैन असेल, त्यांचा मात्र जीव आहे. आपण स्वतःच्या खुशीने एखादी गरज नसलेली वस्तू चारचौघांत आणतो, तेव्हा ती दुसऱ्यांसाठी गरजेचे प्रश्न निर्माण करते. याला आपण हुकूकुल इबाद म्हणतो. हजरत उमर यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दूर इराकमध्ये एखाद्या जनावराचा पाय खाचखळग्यात अडखळला तरी रस्ता नीट का केला नाहीस, असे अल्लाह मला विचारेल, याची त्यांना धास्ती वाटे. खलिफाला रस्त्याची जबाबदारी वाटत होती. गाडीवाल्याला निदान गाडीची वाटायला हरकत नाही.

ब्रेकचे काम असे असते की ते दिसत नाही आणि फसवतेही. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि पॅडलचा दाब तेलातून चाकांपर्यंत पोचतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. त्या ओलाव्याने व्हील सिलिंडर आतून गंजतात, त्यांतले रबर कडक होते. अंगणात दहा फूट गाडी सरकवून पॅडल दाबले तर गाडी थांबते, सगळे म्हणतात ब्रेक ठीक आहेत. यवतेश्वरच्या घाटातून उतरताना पुन:पुन्हा ब्रेक लावावे लागतात, ड्रम तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि पॅडल तळापर्यंत जाते. टायरचेही तसेच. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी शाबूत दिसते, पण बाजूच्या रबराला बारीक भेगा गेलेल्या असतात. म्हणून ‘चालतंय की’ या शब्दांवर माझा विश्वास नाही.

इतके ठरल्यावरही कामाला सुरुवात ब्रेकने झाली नाही. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा आणि दोन्ही दारांखालच्या पोकळ पट्ट्या मिळूनच सांगाडा होतो. त्या पट्ट्यांत कृष्णेचा गाळ बसला होता, आणि गाळ ओल धरून ठेवतो. रंग एक वर्ष थांबला तर एक वर्षाने तोच रंग लागेल. गंज एक वर्ष थांबत नाही, आज वीतभर असेल तर पुढच्या पावसाळ्यानंतर हातभर होतो. शिवाय वेल्डिंगसाठी पेट्रोलची टाकी उतरवावी लागते, वायरिंग बाजूला घ्यावे लागते. नवी वायर आधी टाकून मग तिच्याशेजारी वेल्डिंग करणे हा शहाणपणा नव्हे. म्हणजे महत्त्वाचा क्रम एक आणि हाताने करायचा क्रम दुसरा. मिरजेत सतार-तंबोरे बनवणारी शिकलगारांची घराणी आहेत, तिथल्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याचा सगळा जीव जवारीत असतो. पण जवारी काढायची वेळ भोपळा, लाकूड, खुंट्या, तारा सगळे झाल्यावर येते. तिला शेवटी हात लागतो म्हणून ती शेवटची ठरत नाही.

इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुरात बुडालेले इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवायचे नसते. भावाने जुने तेल काढले, प्लग काढून सिलिंडरमध्ये नवे तेल सोडले आणि कित्येक दिवस हातानेच थोडे थोडे फिरवले. त्याची घाई त्यातच जिरली.

खरा पेच मामूंचा आहे. तीन रकाने त्यांच्या वयाचा हिशेब करत नाहीत. या गाडीतून मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यापर्यंत जावे, बाजूच्या सीटवर बसून, एवढीच त्यांची इच्छा आहे. त्यांच्या लेखी रंग म्हणजे शोभा नव्हे. मामी त्या गाडीत बसायच्या तो काळ आहे. शातिबींनीही तिसरा दर्जा फेकून द्या असे म्हटलेले नाही. खालचे दर्जे वरच्यांना पूरक आहेत, ते सगळेच मोडीत काढले तर वरच्यालाही धक्का लागतो, असा त्यांचा विचार आहे. आमच्यातले काही सुधारक प्रत्येक आनंदाला ‘फिजूल’ म्हणून मोकळे होतात, तेव्हा मला हे आठवते. उलटी बाजूही आहेच. मिनाराला दरवर्षी रंग आणि वुजूखान्याचा नळ तीन वर्षे गळका, हे दृश्य कुणाला नवे नाही.

मामू आणि रस्त्यावरचा तो सायकलवाला, यांत मी कुणाचे ऐकायचे? मामू माझे आहेत, समोर बसलेले आहेत, त्यांचे डोळे भरून येतात. सायकलवाल्याला नाव नाही. घरात बैठक बसते तेव्हा त्याच्या बाजूने बोलायला कुणी नसते. माझ्या मते म्हणूनच त्याचा रकाना वहीत आधी लिहावा लागतो. जवळचा माणूस आपला हक्क स्वतः मागू शकतो. हे मी मामूंना याच शब्दांत सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मला करता येईल असं काही आहे का?"

आहे. बंपर, दारांच्या मुठी, स्टिअरिंगवरची हॉर्नची कडी, पुढची जाळी. चिंधी आणि पॉलिशची डबी घेऊन ते सकाळी दोन तास बसतात. त्यात खर्च जवळजवळ नाही आणि कुणाची पाळी मागे ढकलली जात नाही. अम्मीची सीट गादीवाल्याकडे गेली आहे.

सध्या तळाचा पत्रा नवा आहे, पट्ट्या आतून साफ करून गंजरोधक लावले आहे, ब्रेकच्या नळ्या आणि सिलिंडर बदलले आहेत, चार टायर आले आहेत. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी तपासणी करून दर पाच वर्षांनी नव्याने घ्यावी लागते, ती बाकी आहे. गाडीवर ठिकठिकाणी करड्या प्रायमरचे ठिपके आहेत. रंगाच्या पानावर मी अजून आकडा लिहिलेला नाही. मामूंनी दुकानातून रंगांचे कार्ड आणून त्याच पानात ठेवले आहे, आणि फिक्या हिरव्यावर पेन्सिलीने खूण केली आहे.