नाणे ढासळते तेव्हा



महाबळेश्वराच्या ह्या डोंगरपट्टीत आज बाजाराच्या दिवशीही एक प्रश्न कानी पडतो. डॉलरासारखे मोठ्या राष्ट्राचे नाणे एका रात्रीत मातीमोल होईल काय? तसे झाले तर त्याच्या मागोमाग आपला रुपयाही जाईल काय? कोणी म्हणतो, असेल नसेल ते विकून सोने घ्या. कोणी म्हणतो, बँकेतील पैसा काढून घरी ठेवा. अशा वार्ता आता मोबाईलवरून घटकेत गावोगाव पोहोचतात, आणि भित्र्या मनुष्यास त्या शुभवर्तमानापेक्षाही लवकर पटतात. हा प्रश्न सावकारांचा आहे, मंडळीचा नव्हे, असे कोणी समजू नये. नाणे म्हणजे वचन होय. आणि जेथे वचनाचा प्रश्न येतो तेथे देवाच्या न्यायासनाचा प्रश्न येतोच.

पूर्वी रुपयाचे मोल त्याच्या अंगीच असे. पेशवाईत व त्यानंतरही अंकुशी, चांदवडी असे नाना प्रकारचे रुपये आपल्या प्रांतात चालत, आणि सराफ ते पारखून बट्टा कापून घेई. १८३५ साली कंपनी सरकारने कायद्याने एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, व बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. १९४० साली ही चांदी अर्ध्यावर आली, आणि १९४७ साली रुपया निकेलचा झाला. आज आपल्या हातातील नोट हा केवळ कागद आहे. त्यावर धारकास रक्कम देण्याचे वचन छापलेले असते. ह्यात फसवणूक नाही. परंतु वचनाची किंमत वचन देणाऱ्याच्या सचोटीइतकीच असते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

मग हे वचन किती लवकर मोडते? डोंगरात राहणाऱ्यांस हे समजण्यास दूरचा दृष्टांत नको. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वरी एका दिवसरात्रीत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला, आणि त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर व मिरगाव येथे दरडी खाली येऊन माणसे गाडली गेली. दरड क्षणात येते, परंतु क्षणात तयार होत नाही. पाणी आत मुरत असते, माती आतून सुटत असते, आणि वरचे गवत हिरवेगारच दिसत असते. नाण्याचेही तसेच आहे.

जर्मनीचे उदाहरण पाहा. १९१४ साली ४.२० मार्कांस एक डॉलर मिळे. पहिले महायुद्ध झाले. त्याचा खर्च करांतून न भागविता बहुतांशी कर्जातून व छापखान्यातून भागविला गेला. तरी १९१९ च्या आरंभी डॉलरास सुमारे ९ मार्क इतकाच फरक पडला होता. पाच वर्षांत मोल निम्मे झाले, आणि पुष्कळांनी ते सोसून घेतले. पुढे १९२३ च्या जानेवारीत फ्रेंच व बेल्जियन फौजांनी रूर प्रांत व्यापला. काम थांबविलेल्या मजुरांची मजुरी सरकारने नोटा छापून दिली. त्या महिन्यात डॉलरास सुमारे १८ हजार मार्क पडत होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉलरास ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले! निम्मे होण्यास पाच वर्षे लागली, आणि नाहीसे होण्यास दहा महिने. हंगेरीत १९४६ च्या जुलैत भाव सुमारे पंधरा तासांत दुप्पट होत होते. झिंबाब्वे देशात २००९ च्या जानेवारीत १०० लाख कोटींची एक नोट निघाली, आणि त्याच वर्षी लोकांनी ते नाणे टाकून परक्यांची नाणी धरली. यहेज्केल संदेष्ट्याने लोक आपले रुपे रस्त्यावर फेकून देतील असे सांगितले होते. ती केवळ अलंकाराची भाषा नव्हती.

तरी येथे भयाला मर्यादा घालणे हेही आमचे कर्तव्य आहे. वर सांगितलेल्या देशांत युद्ध, पराजय किंवा शेतीची धूळधाण ह्यांपैकी काही तरी आधीच झाले होते, आणि त्यावर राज्यकर्त्यांनी छापखाना मोकळा सोडला होता. ज्या मोठ्या राष्ट्रात कर गोळा होतो, न्यायालये चालतात, शेते व कारखाने माल देतात, त्याचे नाणे बहुधा दरडीसारखे न कोसळता उतारावरून घसरते. इंग्लंडच्या पौंडाची किंमत १९३१, १९४९ व १९६७ साली उतरली, तरी पौंड आजही चालतो. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेने डॉलराच्या मोबदल्यात परराष्ट्रांस सोने देणे बंद केले. डॉलर उतरला, पण बुडाला नाही. १९९१ साली आपल्या देशाजवळ परकीय चलन उरले नाही, म्हणून जुलैत सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून इंग्लंडास पाठवावे लागले, व रुपयाचे मोल दोन टप्प्यांत उतरविण्यात आले. ते कर्ज त्याच वर्षी फेडले, आणि वचन राखले गेले. म्हणून डॉलर उद्या सकाळी बुडेल असे सांगणाऱ्याच्या मागे धावू नका. आणि तो कधीच बुडणार नाही असे सांगणाऱ्यावरही विसंबू नका.

परंतु हळू घसरणेही गरिबास लहान गोष्ट नसते. १८७० च्या सुमारास रुपयास जवळजवळ २४ पेन्स मिळत. जर्मनीसारख्या राष्ट्रांनी चांदी टाकून सोने धरले, खाणींतून चांदीही उदंड निघू लागली, आणि १८९२-९३ पर्यंत रुपया सुमारे १५ पेन्सांवर आला. लंडनास सोन्याच्या हिशेबाने द्यावयाची देणी भागविण्यासाठी सरकारास अधिक रुपये लागू लागले, आणि ते रयतेच्याच करांतून यावयाचे होते. शेवटी १८९३ च्या जूनमध्ये लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे टांकसाळींनी बंद केले. पुढे २१ सप्टेंबर १९३१ रोजी पौंडाची सोन्याशी असलेली गाठ सुटली. तेव्हा रुपया पौंडास बांधलेला असल्यामुळे तोही सोन्याच्या मानाने उतरला, व सोन्याचा भाव चढला. त्याआधीच धान्याचे भाव कोसळले होते. सारा व सावकाराचे व्याज मात्र रोख द्यावयाचे होते. तेव्हा देशभरच्या शेतकऱ्यांनी बायकामुलींच्या अंगावरचे दागिने विकले, आणि ते सोने मुंबई बंदरातून आगबोटींनी विलायतेस गेले. मोठ्या राष्ट्राचे नाणे लंडनात हलले, आणि त्याचा धक्का खेड्यातील बाईच्या गळ्यापर्यंत पोहोचला.

नोट रद्द होणे व नाणे ढासळणे ह्यांत भेद आहे, तोही उपदेशकांनी लोकांस समजावून द्यावा. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० व १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. रुपयाचे मोल गेले नाही, कागद बदलला. परंतु १४ नोव्हेंबरापासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांस त्या नोटा घेण्याची मनाई झाली, आणि ज्यांचे खाते तेवढ्याच बँकेत होते त्या खेडुतांचे फार हाल झाले. ह्याच्या उलट मराठवाड्यात निजामाचा हाली शिक्का बंद होताना सहा भारतीय रुपयांस सात हाली हा मेळ राखला गेला, आणि १९५९ पर्यंत लोकांस अवधी मिळाला. जुने नाणे जावे, पण वचन जाऊ नये, हे ह्यावरून शिकावे.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात मिसर देशातील दुष्काळ वर्णिला आहे. धान्य घेता घेता लोकांजवळचा पैसा संपला. मग त्यांनी गुरे दिली. गुरे संपल्यावर शेते, आणि शेवटी आपली शरीरे. पैसा, गुरे, जमीन, देह, हा उतार आपल्या खेड्यांस अनोळखी नाही. रुपे खाता येत नाही, आणि संकटात सर्वांत खालचा मनुष्य सर्वांत शेवटचे ते विकतो, हे त्या अध्यायात स्पष्ट दिसते. यशया संदेष्टा यरुशलेमेच्या पापांत खून व लाच ह्यांच्या पंक्तीस हीणकस चांदी व पाणी घातलेला द्राक्षारस ह्यांची गणना करितो. आमोस तर मापे लहान करून वजने मोठी करणाऱ्यांस देवाचा कोप सांगतो. नाण्याचे मोल गुपचूप उतरविणे म्हणजे प्रत्येक गरिबाच्या दारातील तराजू एकाच वेळी खोटा करणे होय.

परंतु बांधवांनो, राज्यकर्त्यांचे पाप मोजून आपण घरी गेलो तर हा उपदेश व्यर्थ झाला. नाणे उतरते तेव्हा मजूर, निवृत्तिवेतनावर जगणारा वृद्ध व चार पैसे गाठीस ठेवलेली विधवा नागवली जाते. आणि ज्याच्या डोक्यावर कर्ज असते त्याचे आयतेच फावते. जर्मनीत लोकांनी घरांवरची जुनी कर्जे कवडीमोल नोटांनी फेडली. आकडा बरोबर होता, पण देणे फिटले नव्हते. १९२३ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस तेथील सर्वोच्च न्यायालयाने असे फेडणे सद्भावनेस धरून नाही असा निर्णय दिला, आणि १९२५ च्या कायद्याने गहाण कर्जांचा चौथा हिस्सा तरी सावकारास परत मिळावा असे ठरले. जगाच्या न्यायालयास जे कळले ते ख्रिस्ती मनुष्यास कळू नये काय?

म्हणून आपण आपल्या मंडळ्यांत हे नियम पाळू या. पहिला, मजुरीचा. येथे पावसाळा सरता सरता स्ट्रॉबेरीची लागवड होते, आणि तोडणी उन्हाळ्यापर्यंत चालते. आरंभी ठरलेल्या मजुरीत जितकी ज्वारी व तांदूळ मिळत होते तितके हंगामाच्या शेवटी मिळत नसतील, तर मालकाने मागणीची वाट न पाहता मजुरी वाढवावी. दाबून ठेवलेली मजुरी देवाकडे ओरडते, असे याकोबाचे पत्र सांगते. आणि मोल उतरलेली मजुरी ही अर्धी दाबलेलीच मजुरी आहे. दुसरा, देण्याचा. बहिणीकडून अथवा शेजारणीकडून हातउसने घेतले असेल तर आकडा नव्हे, मोल परत करा. दहा वर्षांपूर्वीचे पाच हजार आज पाच हजार देऊन फिटत नाहीत. तिसरा, जिभेचा. बँक बुडाली, नोट गेली, अशी वार्ता खात्री केल्यावाचून पुढे पाठवू नका. भीतीनेही भले नाणे ढासळते. आणि दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याच्या हाती विधवेचे पैसे जाऊ देऊ नका. चौथा, कोठाराचा. आमच्या पुष्कळ मंडळ्यांत आयाबहिणी रोजच्या स्वयंपाकातून देवासाठी मूठभर धान्य काढून ठेवितात. ती रीत मोडू देऊ नका. ज्या दिवशी नोट चालणार नाही त्या दिवशी त्या मुठी एखाद्या घरची चूल पेटवितील.

यिर्मया संदेष्ट्याचे एक कृत्य ध्यानात धरून आम्ही हे संपवितो. बाबेलच्या फौजेने यरुशलेमेस वेढा घातला होता, आणि संदेष्टा स्वतः बंदीत होता. अशा समयी चुलतभावाने अनाथोथ येथील शेत विकावयास आणले. नगर जाणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितले होते; त्या शेताचे मोल काय उरले होते? तरी त्याने सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून दिले, खत लिहिले, साक्षी घेतले, मोहर केली, आणि ते खत मडक्यात ठेवविले, कारण त्या देशात पुन्हा शेते विकत घेतली जातील असे देवाने सांगितले होते. राज्य ढासळत असताना त्याने आपले वजन खोटे केले नाही. डॉलराचे वा रुपयाचे मोल राखणे आपल्या हाती नाही. आपल्या शब्दाचे मोल राखणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे, आणि ज्या गावात ते राखले जाते तेथे पडत्या काळातही गरिबास उधार मिळते, मजुरास पोटभर मिळते, आणि म्हातारी निर्धास्त झोपते. ज्याचे वचन कधीही हीणकस होत नाही तो प्रभू आपणांस असे लोक करो. आमेन.