घरघर ऐकलीस की

चि. भाचीस,


धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे महाविद्यालयात तुझी इंटर्नशिप आता बालरोग विभागात आली, म्हणून हे पत्र. एखाद दिवशी साक्रीकडची आजी नातवाला कडेवर घेऊन येईल आणि म्हणेल, ‘पोऱ्याना छातीमा घरघर व्हस.’ वाफ, पंप, खोकल्याची औषधं सगळं होऊन गेलेलं असेल. पोरी, दम्याचा शिक्का मारू नकोस. घरघर जन्मापासून आहे का, अंगावर पिताना वाढते का, सर्दी नसतानाही असते का, हे आजीला विचार.

गर्भात महारोहिणीच्या दोन कमानी असतात. एरवी उजवी विरून जाते. क्वचित दोन्ही राहतात आणि श्वासनलिका-अन्ननलिकेला कडं (व्हॅस्क्युलर रिंग) पडतं; घरघर त्याचीही असू शकते.

आधी साधा एक्स-रे नीट बघ. एरवी श्वासनलिकेचा काळा पट्टा डाव्या कमानीमुळे किंचित उजवीकडे सरकलेला असतो. तो मधोमध किंवा उजव्या बाजूने दबलेला दिसला, तर संशय घे. फिल्म तालुक्याच्या दवाखान्यातली असली तरी एवढं दिसू शकतं. टू-डी इको करायचाच, हृदयातले दोष त्यात कळतात. पण हवेने भरलेली नळी ध्वनिलहरींना नीट दिसत नाही. सीटी अँजिओ रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका एकत्र दाखवतो, तेही काही सेकंदांत.

पण त्यालाही एक गोष्ट चकवते. कधी कड्याचा एक भाग बंद होऊन नुसता तंतू उरतो. त्यात रक्त नाही, म्हणून डाय जात नाही आणि कडं अपुरंच उमटतं. तेव्हा सीटी वाचताना मी गळ्याच्या तळाशी, आडव्या छेदात, श्वासनलिकेभोवती चार रोहिण्या दोन्ही बाजूंना सारख्या मांडलेल्या दिसतात का ते शोधायचो. म्हणून फॉर्मवर नुसतं ‘सीटी चेस्ट’ लिहू नकोस. ‘व्हॅस्क्युलर रिंग?’ लिही. विचारलेलं असलं की वाचणारा तिथे थांबून बघतो.

बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी १९४५ मध्ये असं कडं पहिल्यांदा शस्त्रक्रियेने सोडवलं. आजही बहुधा दोन्हींपैकी लहान कमान कापतात. मात्र दबून मऊ पडलेली श्वासनलिका लगेच घट्ट होत नाही. घरघर काही महिने राहू शकते. नाशिक-मुंबईहून परतलेले आईबाप ऑपरेशन फुकट गेलं म्हणून हताश होतात. पाठवतानाच त्यांना हे सांगून ठेव, जमलं तर अहिराणीत.

तुझा,
मामा