न खाणाऱ्या जिवाची सेवा



भुकेल्यास अन्न द्यावे, हे दयेच्या शारीरिक कृत्यांपैकी पहिले कृत्य आपण सर्वांनी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केले आहे. पण ज्याला अन्न दिले, तो ते घेतच नसेल तर दया कशी करावी? हा प्रश्न आम्ही आज अशा एका जिवाच्या निमित्ताने मांडत आहोत, ज्याचे नाव काढताच पुष्कळांच्या अंगावर काटा येतो. तो जीव म्हणजे साप.

पावसाळ्यात गोदाकाठच्या वस्त्यांत आणि निफाड-दिंडोरीच्या द्राक्षमळ्यांत साप निघतात. पूर्वी लगेच काठी उचलली जाई. आता पुष्कळ जण सर्पमित्राला बोलावतात, ही समाधानाची गोष्ट आहे. पण समजा, जाळीत अडकून जखमी झालेली धामण एखाद्या कनवाळू मुलाने सोडवली आणि बरी होईपर्यंत म्हणून घरीच खोक्यात ठेवली. तो तिला उंदीर देतो, बेडूक देतो. आठ दिवस गेले, पंधरा दिवस गेले, धामण कशालाच तोंड लावत नाही. मुलगा कासावीस होतो. मग कोणीतरी सांगतो, जबडा उघड आणि घास आत ढकल. त्याने तसे करावे काय?

आधी साप का खात नाही ते पाहू. सापाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. ती त्याला उन्हातून, तापलेल्या दगडातून घ्यावी लागते. ऊब नसेल तर पोटातले भक्ष्य पचत नाही, कुजते आणि उलटून पडते. निफाडचा पारा हिवाळ्यात पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा सापाने न खाणे हेच शहाणपणाचे असते. कात टाकण्यापूर्वी त्याचे डोळे दुधाळ होतात, तेव्हाही तो सहसा खात नाही. जबड्याला जखम असेल तर त्याला गिळता येत नाही. कित्येकांचे खाणेही ठरलेले असते : विदर्भात पुन्हा आढळलेला अंडीखाऊ साप पक्ष्यांच्या अंड्यांवरच जगतो. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे भीती. चारी बाजूंनी माणसे डोकावत असतील आणि लपायला जागा नसेल, तर रानातला जीव भक्ष्याकडे पाहणार कसा?

शिवाय उपास ही सापाच्या देहाची रीतच आहे. ब्रह्मदेशी अजगराची आतडी उपासाच्या काळात आकसतात आणि भक्ष्य गिळल्यावर पुन्हा वाढतात. मोठे भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचा स्नायू सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. आपल्याला तीन वेळा भूक लागते, म्हणून आपण सापालाही तेच माप लावतो.

इथेच खरा नैतिक प्रश्न आहे. तो घास कोणाच्या भुकेसाठी आहे? सापाच्या, की आपल्या? नागपंचमीला गारुडी नागाला दूध पाजत. साप दूध पचवू शकत नाही; कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला नाग पाणी समजून ते पितो आणि त्यापायी पुष्कळदा मरतो. दूध देणाऱ्या माउलीच्या श्रद्धेला आम्ही दोष देत नाही. पण देणाऱ्याचे मन भरले म्हणजे घेणाऱ्याचे भले झाले असे नव्हे, हे तिथे स्पष्ट दिसते.

संत थॉमस अक्वायनस यांनी प्रेमाची व्याख्या साधी केली आहे : प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. हे भले ज्याच्या त्याच्या स्वभावावरून ठरते. माशाचे भले पाण्यात, सापाचे बिळात. म्हणून ज्याच्यावर प्रेम करायचे, त्याचा स्वभाव आधी जाणून घ्यावा लागतो. न जाणता केलेले प्रेम पुष्कळदा जुलूम होते.

मग त्याला तसेच मरू द्यावे काय? मुळीच नाही. पाणी, ऊब, अंधार, लपायला आडोसा आणि शांतता ही सापाची पहिली सेवा होय. जखम आणि अशक्तपणा पशुवैद्याने पाहावा. क्वचित नळीने अन्न देण्याची वेळ येते; पण ते औषधासारखे, जाणकाराच्या हातून. नवख्या हाताने अन्ननलिका फाटते, घास श्वासनलिकेत जातो. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आपल्या रानातला साप घरी पाळता येत नाही. तो वनविभागाच्या स्वाधीन करावा लागतो.

कनवाळू मुलाला हेच सर्वांत जड जाते. ज्याला वाचवले, त्याच्यावर आपला हक्क झाला असे वाटू लागते. पुण्याचे श्री. नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले, ते साप विनाकारण चावत नाही हे लोकांना दाखवण्यासाठी. सापाला आपल्याकडून वैर नको, तसा लळाही नको. आपण त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे, एवढेच पुरे.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. हा दाखला माणसाला जसाच्या तसा लावू नये. घरातल्या वृद्ध आईने ताट बाजूला सारले, तर 'तिची मर्जी' म्हणून उठून जाणे ही दया नव्हे. ती माणूस आहे. तिला विचारता येते. तिचे दात दुखत असतील, औषधाने तोंड कडू झाले असेल, किंवा एकटीने जेवण्याचा तिला कंटाळा आला असेल. पंगतीत आग्रह करणे आपल्याला येते. पण न जेवणाऱ्याजवळ बसून 'का?' हे विचारणे आपण विसरतो.

बंधुभगिनींनो, आपण दिलेले जेव्हा कोणी नाकारतो, तेव्हा रागावण्याआधी आणि बळजबरी करण्याआधी क्षणभर थांबू या. त्याला काय हवे आहे, हे पाहण्यापासून दयेची सुरुवात होते. आणि त्याला जर त्याचे रानच हवे असेल, तर खोके उघडणारा हातही देणाराच हात आहे.

आपला,
धर्मगुरू