तिरपी काडी

एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला एक मुलगा होता. वडील गवंडी. पाढे म्हणताना तो अडखळायचा, म्हणून आपणहून मागे जाऊन बसायचा.

एक दिवस बाईंनी गुल खरवडलेल्या काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे सतरंजीवर ओतले. हा खेळ अरविंद गुप्तांचा. १९७८ साली होशंगाबादच्या खेड्यांत विज्ञान शिकवण्याचं काम करताना त्यांना तो सुचला. इतक्या थोड्या पैशांत अख्खा वर्ग कामाला लावणारी दुसरी प्रयोगशाळा मला तरी ठाऊक नाही.

नळीच्या दोन्ही तोंडांत काड्या खोचल्या की झाला सांधा. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी ढिम्म हलेना. चार काड्यांचा चौकोन मात्र बोट लागताच कलंडायचा. मुलं हसली आणि पंचकोनाकडे वळली. हा तिथेच अडून बसला.

"बाई, याला ताठ कसं करायचं?"

उत्तर बाईंच्या ओठांवर आलं होतं. शेजारच्या वर्गाचे गुरुजी दारातून म्हणाले, "सांगून टाका की! पाठ पुढे न्यायचाय ना?"

"करू दे त्याला," बाई म्हणाल्या.

त्याने सांध्यांवर दोरा आवळला. चौकोन कललाच. प्रत्येक बाजूला दोन-दोन काड्या जोडल्या, तरी कललाच. मधल्या सुट्टीत खिचडी खाऊन, हात चड्डीला पुसत तो पुन्हा बसला. बाभळीच्या काट्याने समोरासमोरच्या दोन नळ्यांना भोकं पाडून त्याने एक काडी तिरपी घातली. ती पुरेना. ओढून बसवली, तर चौकोन चेपून शंकरपाळ्यासारखा झाला. आता हलत नव्हता, पण त्याचे कोपरेही सरळ राहिले नव्हते.

इथे बाईंना गप्प राहणं फार जड गेलं. एका वाक्याचं तर काम होतं! पण ते वाक्य बाईंनी उच्चारलं असतं, तर ते बाईंचंच राहिलं असतं.

पोराने ती आकृती उलटसुलट करून पाहिली. "कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जास्त लांब लागतंय," असं पुटपुटत तो उठला, खराट्याची एक काडी उपसून आणली, मापाला लावली, दाताने तोडली आणि खोचली.

गुरुजींनी आत येऊन चौकोन दोन बोटांनी दाबला. हलला नाही.

"यात आता काय काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"दोन त्रिकोण!" तो म्हणाला, आणि एकदम ओरडला, "बाबा परांचीला तिरका बांबू बांधतात, तो याच्यासाठीच!"

मग सगळा वर्गच बोलू लागला. कुणाला गोठ्यावरची कैची आठवली, कुणाला सायकलचा सांगाडा. या गलक्यात त्याचा पुढचा प्रश्न आलाच. "सगळ्या बाजूंनी त्रिकोणच असलेलं घर होईल का?"

"होईल की, सहा का..." गुरुजी बोलता बोलता थांबले. चपला काढून ते सतरंजीवर बसले आणि नवी काडेपेटी फोडून गुल खरवडू लागले.