इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठी प्रार्थना

हे दयाघना, कन्हान नदीकाठच्या आमच्या या गावावर तुझी नजर असू दे. नदीपलीकडे कामठी, अलीकडे गोंडेगाव-इंदरच्या कोळसा खाणी, मधून जबलपूरकडे जाणारा हमरस्ता आणि रामटेकचा फाटा निघतो ते रेल्वे जंक्शन. कामाच्या शोधात माणसं इथे आली, तशा त्यांच्या बोल्याही आल्या. आमच्या एकाच वर्गात कोणाच्या घरी नागपुरी मराठी, कोणाच्या घरी हिंदी, तर कोणाच्या घरी छत्तीसगढी बोलतात. हे धन तुझंच. इंग्रजीच्या तासाला ते दाराबाहेर ठेवायची दुर्बुद्धी आम्हाला होऊ देऊ नकोस.

देवा, मुलांसाठी आम्ही रोजच मागतो. आज त्यांच्या शिक्षकांसाठी मागणं आहे. 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. ती शिकवायला उभ्या राहिलेल्या कितीतरी जणांची स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झाली होती. त्यांनी व्याकरण घोकलं, निबंध पाठ केले, परीक्षा दिल्या. इंग्रजीत चार वाक्यं बोलायची वेळ मात्र त्यांच्यावर कोणी आणली नाही. म्हणून प्रशिक्षणात सुलभक ‘आता इंग्रजीतून ओळख करून द्या’ म्हणाले, की मागच्या रांगेतली एखादी बाई पर्समध्ये पेन शोधू लागते. पेन तिच्या हातातच असतं. एरवी पन्नास पोरांचा वर्ग नजरेने गप्प करणारी ही बाई तेव्हा मान वर करत नाही. तिला बोलतं कर. आपल्याला कशाची भीती वाटली हे तिच्या लक्षात राहू दे, म्हणजे वर्गातलं गप्प पोर तिला ओळखू येईल.

प्रशिक्षण देणाऱ्यांनाही सांभाळ. राज्यातून निघालेलं प्रशिक्षण जिल्ह्याला येतं, तिथून तालुक्याला, तिथून केंद्रावर. आणि पोहोचेपर्यंत पुष्कळदा स्लाइड, हजेरीची सही आणि ऑनलाइन फॉर्म एवढंच उरतं. त्यांना भाषण आवरायचा संयम दे, खऱ्या मुलांसमोर धडा घेऊन दाखवायची हिंमत दे, आणि नंतर शाळेत येऊन वर्गात बसायला सवड दे. ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट्सच्या साथीने राज्यात चाललेल्या ‘तेजस’ प्रकल्पात शिक्षकच लहान गटांत भेटून एकमेकांकडून शिकत. असे गट आमच्या केंद्रातही जमू दे, आणि पत्र आलं नाही तरी जमत राहू दे.

सावित्रीबाईंनी अहमदनगर आणि पुण्यात अध्यापनाचं शिक्षण घेतलं आणि ‘काव्यफुले’ या कवितासंग्रहात 1854 मध्येच इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला. शिकवणाऱ्याने आधी शिकावं लागतं, ही जाण आमच्यात जागी ठेव.

एखादं पोर ‘आय स्कूल गो’ म्हणालं, तर त्यामागचं ‘मी शाळेत जातो’ आम्हाला ऐकू येऊ दे. मराठीत क्रियापद शेवटी येतं. पोराने आपल्या भाषेचा नियम इमानाने पाळला. एवढं कळलं की रागवायला कारण उरत नाही. बरोबर वाक्य त्याच्या कानावर पुन्हा पुन्हा घालायचं, खेळता खेळता त्याच्याकडून म्हणून घ्यायचं आणि पुढे जायचं. ‘मॅडम, मले येते’ म्हणत वर झालेला हात ‘आधी नीट बोल’ या शब्दांनी आमच्याकडून खाली जाऊ नये.

साहेब लोकांनाही सुबुद्धी दे. मतदार यादी, पोषण आहाराच्या नोंदी आणि रोजची माहिती भरण्यातून शिक्षकाचा इंग्रजीचा तास वाचू दे. आणि पोराला इंग्रजी यावी म्हणून ओव्हरटाइम करणाऱ्या आईबापांचा जिल्हा परिषदेच्या शाळेवरचा विश्वास आमच्या कामातून वाढू दे.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधीच्या प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाला बोलायची पाळी मिळू दे, आणि तो चुकला तर हसायचं नाही एवढं शहाणपण आम्हा सगळ्यांना दे.