तीन संध्याकाळींच्या आधी

आमच्या सुवार्ता-सभांची तारीख शेवटी विजेच्या वेळापत्रकावरून ठरली. आमच्याकडे शेतीपंपांना एक आठवडा दिवसा लाईट असते, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस बॅटरी घेऊन गव्हाची दारं धरायला जातो. त्याला मंडपात बसवून ठेवणं बरं नव्हे. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड, मार्चमध्ये दहावीची परीक्षा. उरला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, आणि तो दिवसाच्या लाइटीचा निघाला. पाळकसाहेबांनी कॅलेंडरवर तीन तारखांना गोल केले आणि पूर्वतयारीची वही माझ्यापुढे सरकवली.

मी नेवासे तालुक्यातल्या चाळीस घरांच्या एका ख्रिस्ती मंडळीची सभासद. तीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून गाव अजून 'बाई' म्हणतं. वही घ्यायला मी आठ दिवस लावले. कामाचा कंटाळा नव्हता. बारा वर्षांपूर्वीच्या सभा माझ्या मनातून गेल्या नव्हत्या.

त्या वेळी वक्ते बाहेरचे होते, पत्रकंही बाहेरूनच छापून आली होती. वर सुवार्तेचे दोन शब्द आणि खाली ठळक अक्षरांत रोगमुक्तीची खात्री. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारी शेजारीण तिन्ही रात्री आली. तिच्या धाकट्या मुलीला आकडी यायची. तिसऱ्या रात्री व्यासपीठावरून हात वर करायला सांगितलं तेव्हा तिनं केला. वही घेतलेला एक तरुण आला, त्यानं तिचं नाव लिहून घेतलं. शेवटी आकडा वाचून दाखवला गेला, टाळ्या झाल्या, दुसऱ्या दिवशी मंडप उतरला.

त्या वहीतलं कुणी तिच्या दारात गेलं नाही. मीही गेले नाही. ज्यांनी नाव लिहिलं ते जातील, असं मी धरून चालले. तीन-चार महिन्यांनी नळावर तिनं मला हळूच विचारलं, "बाई, माझा हात पुरता वर गेला नव्हता का?"

पुढे नगरच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या आणि मुलगी सावरली. तो प्रश्न मात्र माझ्यापाशी राहिला. त्या बाईच्या मनात त्या रात्री देव बोलला होता, की आम्ही जमवून आणलेलं वातावरण बोललं होतं? विश्वास हे देवाचं दान आहे, कुणाचं मन उघडायचं ते त्याच्या हातात आहे, असं आम्ही दर रविवारी कबूल करतो. मग मंडप, पत्रकं, गायकांचा सराव, प्रार्थनांचे गट, या सगळ्या खटाटोपाला अर्थ काय? आणि या खटाटोपातूनच माणसं वळत असतील, तर वळलेलं माणूस देवाचं की कमिटीचं?

माझे वडील पाळक होते, यवतमाळच्या सेमिनरीत शिकलेले. त्यांच्या ट्रंकेत दोन इंग्रजी पुस्तकं आहेत. एक जोनाथन एडवर्ड्‌स यांचं, १७३७ साली निघालेलं. मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन गावात १७३४-३५ मध्ये अचानक जे आत्मिक उज्जीवन झालं त्याचा तो वृत्तांत. देवाच्या या कामानं स्वतः एडवर्ड्‌सही चकित झाले होते, पुस्तकाच्या नावातच तसं आहे. दुसरं चार्ल्स फिनी यांचं, १८३५ चं. त्यांचं म्हणणं नेमकं उलट: उज्जीवन हा चमत्कार नव्हे, देवानं नेमून दिलेली साधनं नीट वापरली की ते येतं, जसं नीट पेरलं की धान्य येतं. वडिलांनी फिनींच्या पानांवर पेन्सिलीच्या पुष्कळ खुणा केल्या आहेत. खेडोपाडी सायकलवर फिरणाऱ्या माणसाला ते पुस्तक धीर देत असणार, हे मला समजतं. तरी मला ते पटत नाही. आमच्या तालुक्यातला शेतकरी असं कधी म्हणणार नाही. बियाणं चांगलं, खत वेळेवर, आणि ऐन काढणीत गारपीट, हे त्यानं पाहिलंय. मार्काच्या शुभवर्तमानात येशूनं सांगितलेला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो; बी कसं रुजतं ते त्याला कळत नाही, जमीन आपली आपण पीक देते. फिनींच्या शेतकऱ्याला सगळं कळतं. येशूचा शेतकरी न कळताच झोपी जातो, आणि म्हणूनच तो मला जास्त खरा वाटतो.

पण तोही झोपण्याआधी रान नांगरतो. इथून मला वहीचं पहिलं पान सुचलं. देवाचं काम तो करील. आपण स्वतःच्या रानातले दगड वेचायचे.

पहिल्याच बैठकीत पत्रकावरून तास गेला. एका जुन्या वडीलजनांचं म्हणणं, "बाई, रोगमुक्तीची ओळ काढली तर बाहेरचं माणूस येणार कशाला?" ते प्रामाणिकपणे बोलत होते. प्रभूनं आजारी बरे केले हे मीही मानते, आजाऱ्यांसाठी रोज प्रार्थना करते. पण त्यानं भाकरी वाटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी लोक शोधत आले, तेव्हा तुम्ही पोट भरलं म्हणून आलात असं त्यानं त्यांना तोंडावर सांगितलं, आणि त्या दिवशी पुष्कळ जण निघूनही गेले. गर्दी जमवणं हेच त्याचं काम असतं तर तो गप्प बसला असता. बऱ्या झालेल्या कितीकांना त्यानं हे कुणाला सांगू नका म्हणून बजावलं. जे त्यानं झाकून ठेवायला सांगितलं ते आपण पत्रकावर छापायचं? ओळ निघाली. पत्रकावर राहिलं ते एवढंच: ही ख्रिस्ती सभा आहे, येशूविषयी बोललं जाईल, वेळ साडेसात ते साडेनऊ, सर्वांना आमंत्रण.

'ख्रिस्ती' हा शब्द पहिल्या ओळीत हवा, असा माझा हट्ट होता. संविधानाच्या पंचविसाव्या कलमानं धर्माचं आचरण आणि प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. त्यात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. त्या निकालावर आमच्या लोकांत नाराजी आहे, कायद्याच्या अंगानं ती असू शकते. पण माझ्या विश्वासाला त्यात अडचण दिसत नाही. मी कुणाचं मन बदलू शकते, असं माझं शास्त्र तरी कुठं म्हणतं? मी सांगू शकते. ऐकणाऱ्याला उठून जाता आलं पाहिजे, आणि आपण कशाला आलो आहोत हे येण्याआधीच कळलं पाहिजे.

भाकरीविषयी बोलताना मला जपून बोलावं लागतं, कारण मी स्वतः भाकरीतून आले आहे. माझे पणजोबा १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ पोर म्हणून मिशनच्या आवारात आले. त्यांनी येशूला निवडलं नव्हतं, वाटीतल्या कांजीला निवडलं होतं. लोक आम्हाला यावरून बोलतात, आणि लहानपणी मी घरी येऊन रडले आहे. आता मी त्याकडे वेगळ्या नजरेनं बघते. कांजी देणारी माणसं कांजी देऊन निघून गेली नाहीत. त्यांनी पणजोबांना सुतारकाम शिकवलं, आजारपणात उशाशी बसली, आणि त्यांतली काही याच जिल्ह्यात पुरली गेली. पणजोबांचा विश्वास पिकायला वीस-पंचवीस वर्षं लागली असतील. बारा वर्षांपूर्वी आम्ही ते तीन रात्रींत मागत होतो, आणि चौथ्या दिवशी मंडप उतरवत होतो.

पौलाचं बघा. करिंथात तो दीड वर्ष राहिला, पोटासाठी तंबू शिवत. इफिसात तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षं रोज बोलला. म्हणून मी वहीचं शेवटचं पान आधी भरलं: सभेनंतरचे सहा महिने. कोणी विचारपूस करायला बोलावलं तर कुठल्या घरानं जायचं, बाईमाणसाकडे कोण, म्हाताऱ्यांकडे कोण. ही यादी पुरी होईपर्यंत मंडपवाल्याला इसार द्यायचा नाही, असं ठरलं. यादीला पाच आठवडे लागले. चाळीस घरांतून अकरा घरं निघाली.

पैसा आणि आकडे या दोन गोष्टींवर पाळकसाहेबांनी एक हकिकत सांगितली. बिली ग्रॅहॅम यांचं नाव मोठं होण्याआधी, १९४८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी ते आणि त्यांचे तीन सोबती बसले आणि फिरत्या सुवार्तिकांची बदनामी कशाकशानं होते ते त्यांनी काढलं. चार गोष्टी निघाल्या: पैसा, स्त्रियांशी वागणं, स्थानिक मंडळ्यांना नावं ठेवणं आणि आकडे फुगवणं. या चारींपासून दूर राहायचं त्यांनी एकमेकांशी ठरवलं. आम्हीही दोन ठराव केले. पाहुण्यांपुढे अर्पणाची पिशवी फिरवायची नाही. सगळा खर्च चाळीस घरांतून. आणि हात वर करायला लावायचे नाहीत, मोजायचेही नाहीत. दुसऱ्या ठरावाला तिघांचा विरोध होता. त्यांतल्या एकानं विचारलं, "मग सभा फळली की नाही हे कळणार कसं?" पाळकसाहेब म्हणाले, "कळणार नाही." खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

बाकीची तयारी गावाला पाठ आहे. इथं हरिनाम सप्ताह होतो; कुठल्या दिवसाची पंगत कुठल्या घरची, पाणी कोण भरणार, कीर्तनकारांची उतरायची सोय कुठं, हे गावाला विचारावं लागत नाही. आम्ही त्याच गावचे, तेच शिकलो. मारुतीच्या देवळातला हरिपाठ सातला संपतो, म्हणून आमची वेळ साडेसात. स्पीकरची परवानगी पोलीस ठाण्यातून काढली. कायदा रात्री दहापर्यंत मुभा देतो, आम्ही साडेनऊच लिहिली. चहाची मोठी पातेली सप्ताहाचीच. मागायला गेले तेव्हा कशाला हवीत ते स्पष्ट सांगितलं. भजनी मंडळाचे म्हातारे प्रमुख म्हणाले, "सांगितलंत हे बरं केलंत. घासून परत द्या म्हणजे झालं." तिन्ही संध्याकाळी नुसती भाषणं नकोत, एक दिवस कीर्तन हवं, हेही ठरलं. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरला कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पायंडा पाडला, पुढे नारायण वामन टिळकांनी तो वाढवला. आमच्या तरुणांना वीणा कशी धरायची तेही आता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. झांजा तेवढ्या सापडल्या.

टिळकांचीच गोष्ट माझ्या मनात सारखी येत राहिली. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या माणसाशी त्यांची गाठ पडली. त्यानं त्यांच्या कवितेविषयी आपुलकीनं विचारलं, नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं म्हणून तो गेला. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी आज जी गीतं आहेत त्यांतली कितीतरी त्या डब्यातल्या भेटीतून आली, आणि त्या भेटीला ना कमिटी होती ना मंडप. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर आणखी पाच वर्षं लागली. त्या नवऱ्यामागून ओढल्या गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळं सोवळं सांभाळलं, आणि १९०० मध्ये स्वतःच्या पायांनी आल्या. कुणी त्यांना १८९५ मध्येच हात वर करायला लावला असता, तर मला वाटतं, 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र आपल्याला मिळालं नसतं.

घरोघरच्या प्रार्थना सहा आठवडे चालल्या. खरं रान तिथं नांगरलं गेलं. आमच्यातली दोन घरं कबरस्तानातल्या एका जागेवरून नऊ वर्षं बोलत नव्हती. उपासनेला एक उजवीकडे बसायचं, एक डावीकडे. तिसऱ्या आठवड्याची प्रार्थना त्यांतल्या एका घरी होती. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी जाऊन भावाशी समेट कर, हे मत्तयाचं वचन वाचायची पाळी माझी. वाचताना माझाच आवाज अडखळला, कारण माझं समेटाचं घर भिंतीपलीकडे होतं. त्या रात्री काहीच झालं नाही. पण पुढच्या मंगळवारी मंडपाची जागा साफ करायला दोन्ही घरचे पुरुष आले आणि एकाच घमेल्याला दोघांनी हात घातला. बोलले नाहीत. घमेलं उचललं.

सभेला दोन दिवस राहिले तेव्हा मी शेजारणीकडे गेले. पत्रक पदराखाली होतं, काढलं नाही. ओट्यावर बसले आणि म्हटलं, "बारा वर्षांपूर्वी मी यायला हवं होतं. आले नाही. तुझा हात पुरता वर गेला होता. आमचे पाय उचलले नाहीत."

ती लसूण सोलत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "परवापासून तुमच्या सभा ना?"

"हो. पण मी त्यासाठी आले नाही. तू नाही आलीस तरी पुढच्या आठवड्यात मी येणारच आहे."

"हात वर करायला लावतील का?"

"नाही."

तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत सारल्या. "गाईची धार साडेसातला असते," ती म्हणाली. "सुरुवातीला नाही जमायचं मला. मागं एखादी खुर्ची असंल का?"

मी वहीत लिहिलं: मागच्या रांगेत, दाराजवळ, एक खुर्ची.